इंजिन चाकांना कसे जोडले आहे, यावर ठरलेली निवड : हायब्रिड एसयूव्हीचे अकरा महिने

अकरा महिन्यांपूर्वी आमच्यासमोर मध्यम आकाराच्या दोन हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर या दोहोंवर चालणाऱ्या, एसयूव्ही होत्या आणि दोन्हींच्या माहितीपत्रकांतील मायलेजचे आकडे जवळजवळ सारखे होते. लांबी, आसने, सामानाची जागा, सुरक्षेची उपकरणे यांतही त्यावरून निर्णय घ्यावा एवढा फरक नव्हता. आम्ही त्यांतली एक घेतली आणि माझ्या धाकट्या भावाने त्याच महिन्यात दुसरी घेतली. त्यानंतर दोनदा आम्ही पंधरा-पंधरा दिवसांसाठी गाड्यांची अदलाबदल केली, त्यामुळे पुढे लिहिलेला अनुभव दोन्ही गाड्यांचा आहे. आमची गाडी आतापर्यंत १४,६०० किलोमीटर चालली आहे. उत्पादकांची नावे देत नाही, कारण मला जो फरक सांगायचा आहे तो इंजिन, मोटर आणि चाके यांच्या जोडणीतला आहे, आणि या दोन्ही प्रकारच्या जोडण्या एकापेक्षा अधिक उत्पादकांच्या गाड्यांत आढळतात.

आमच्या गाडीत इंजिन आणि दोन विद्युत मोटरी एका ग्रहीय गिअरसंचाने जोडलेल्या आहेत. मधल्या गिअरवर एक मोटर, त्याभोवती फिरणाऱ्या छोट्या गिअरांच्या सांगाड्यावर इंजिन, आणि बाहेरच्या कड्याच्या बाजूला दुसरी मोटर व चाके, अशी ती रचना आहे. यात पायरीपायरीने बदलणारे गिअर नाहीत, क्लच नाही, आणि वेगळा स्टार्टर किंवा अल्टरनेटरही नाही, कारण ती कामे मोटरीच करतात. इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचे आहे. जेम्स ॲटकिन्सन यांनी १८८२ मध्ये मांडलेली कल्पना अशी की, वायूच्या प्रसरणाचा टप्पा संपीडनाच्या टप्प्यापेक्षा लांब ठेवावा, म्हणजे त्याच इंधनातून अधिक काम मिळते. आजची इंजिने आत येणाऱ्या हवेची झडप उशिरा बंद करून हाच परिणाम साधतात. त्याची किंमत म्हणून इंजिन संथ, म्हणजे कमी फेऱ्यांवर, फिरतानाचा जोर घटतो, आणि ती उणीव मोटर भरून काढते. भावाच्या गाडीत मात्र १.६ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि सहा गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, आणि या दोहोंच्या मध्ये एक मोटर व क्लच बसवलेला आहे. म्हणजे ती मुळात ओळखीचीच गाडी आहे, जिला मोटरची जोड मिळाली आहे.

खरेदीपूर्वी मला हा तपशील अभियंत्यांपुरता वाटत होता. प्रत्यक्षात रोज जाणवणाऱ्या जवळपास प्रत्येक गोष्टीचे मूळ त्यातच सापडले.

शहरातल्या थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत आमची गाडी इतकी सलग पुढे सरकते की इंजिन केव्हा सुरू झाले आणि केव्हा थांबले, हे बहुतेक वेळा पडद्यावर पाहूनच कळते. माझ्या मुलीला गाडी लागते, आणि मानेचे दुखणे असलेले माझे वडील मागे बसतात, म्हणून ही सलगता आमच्यासाठी चैनीची बाब नव्हती. भावाच्या गाडीत अगदी कमी वेगात, पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या अदलाबदलीत आणि क्लच जोडला जाताना, हलकासा हिसका बसतो. चालवणाऱ्याला तो फारसा कळत नाही, पण मागे बसलेल्याला कळतो. दुसऱ्या अदलाबदलीच्या वेळी वडिलांनी तो पहिल्याच सिग्नलला ओळखला.

महामार्गावर चित्र उलटते. ११० च्या वेगाने जात असताना पुढच्या वाहनाला ओलांडण्यासाठी पाय दाबला की आमच्या गाडीचे इंजिन एकदम वरच्या फेऱ्यांवर जाते आणि वेग वाढेपर्यंत तिथेच घरघरत राहते, कारण त्याच्या फेऱ्या गाडीच्या वेगाशी बांधलेल्या नाहीत. गाडी वेग घेते, परंतु आवाज आणि वेग यांचा मेळ बसत नाही, आणि पहिले दोन महिने मला सतत वाटे की आपण इंजिनाला उगाच दमवतो आहोत. भावाच्या गाडीत गिअर उतरतो, टर्बोचा जोर येतो, आवाज वेगाबरोबर चढतो आणि दोन-तीन सेकंदांत सगळे शांत होते. भाऊ दर आठवड्याला सुमारे तीनशे किलोमीटर महामार्गाने जातो. त्याने ती गाडी निवडली ते योग्यच केले, असे मी आज म्हणेन, जरी तेव्हा मी त्याच्याशी बराच वाद घातला होता.

आता मायलेज. मी पडद्यावरच्या आकड्यावर विसंबले नाही. प्रत्येक वेळी टाकी पूर्ण भरून, भरलेले लिटर आणि कापलेले अंतर वहीत लिहिले, आणि आमच्या गाडीचा पडदा प्रत्यक्षापेक्षा पाच ते सहा टक्के अधिक दाखवतो असे आढळले. माझ्या रोजच्या शहरी मार्गावर आमच्या गाडीने लिटरला १८.९ किलोमीटर दिले आणि भावाच्या गाडीने त्याच मार्गावर १६.४. महामार्गावर हेच आकडे १५.१ आणि १४.६ असे आले, म्हणजे फरक जवळजवळ मावळला. याचे कारण सोपे आहे. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा परत मिळवणे हा हायब्रिडचा मोठा लाभ, आणि महामार्गावर ब्रेक लावायची वेळ क्वचितच येते. शिवाय हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरच्या तुलनेत ११० ला तो जवळजवळ १.९ पट होतो, आणि एसयूव्हीच्या उंच, रुंद तोंडाला तो चुकवता येत नाही.

लिटरमागे किलोमीटर या मापाने आपली थोडी फसगत होते, असेही या हिशेबातून ध्यानात आले. वर्षाला १५,००० किलोमीटर धरले, तर शहरी आकड्यांनुसार आमच्या गाडीला सुमारे ७९४ लिटर पेट्रोल लागते आणि भावाच्या गाडीला ९१५. आमची जुनी गाडी लिटरला दहा देत असे, म्हणजे तिला १,५०० लिटर लागले असते. जुनी गाडी सोडून यांतली कोणतीही घेतली असती तरी पाचशेहून अधिक लिटर वाचलेच असते. उरलेल्या १२० लिटरसाठी आम्ही दोन महिने आकडेमोड केली, आणि आसनाची उंची व मागच्या दाराचे उघडणे यांच्याकडे त्यामानाने फारच कमी लक्ष दिले.

कडक थंडीच्या पाच-सहा आठवड्यांत, शाळेपर्यंतच्या चार किलोमीटरच्या फेरीत आमचे मायलेज लिटरला १३ पर्यंत खाली आले. गाडीत बिघाड आहे या समजुतीने मी ती दाखवायलाही नेली. बिघाड नव्हता. थंड गाडीत धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक आणि इंजिनातले पाणी तापवण्यासाठी, तसेच आतला हीटर चालवण्यासाठी इंजिन सुरू राहते, आणि ते तापते न तापते तोच फेरी संपते. ज्यांचा सगळा प्रवास अशा तुकड्यांचा आहे, त्यांनी माहितीपत्रकातल्या आकड्याची आशा थंडीत धरू नये.

घाटातला अनुभव मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण खरेदीपूर्वीच्या चाचणी-फेरीत तो येत नाही. प्लगशिवायच्या, म्हणजे बाहेरून चार्ज न करता येणाऱ्या, हायब्रिडची मुख्य बॅटरी साधारण एक ते दोन किलोवॅट-तासांचीच असते आणि तिचे आयुष्य टिकावे म्हणून तिच्यातला मधला भागच वापरला जातो. माणसे आणि सामान धरून दोन टनांची गाडी शंभर मीटर उंची उतरते, तेव्हा सुमारे अर्धा किलोवॅट-तास ऊर्जा मोकळी होते. तिचा काही भाग हवेत आणि टायरांत जातो, तरीही दोन-तीनशे मीटर उतरेपर्यंत बॅटरी भरून जाते. त्यानंतर मोटरीला ऊर्जा ठेवायला जागाच उरत नाही, आणि गाडी आपण होऊन इंजिन जोरात फिरवून वेग आवरू लागते. पेट्रोल जळत नसते, पण आवाज मात्र चढावर ऐकू येईल तसा येतो. पहिल्या वेळी मी घाबरून गाडी बाजूला घेतली होती. आता उतार सुरू होतानाच मी निवडदांडी 'बी' वर टाकते, म्हणजे इंजिनाचा रोध सुरुवातीपासून मिळतो आणि ब्रेक तापत नाहीत. भावाच्या गाडीत हे काम नेहमीसारखे खालचा गिअर टाकून होते, आणि ते समजायला अधिक सोपे आहे. पाच माणसांसह लांब चढ चढतानाही त्याच्याच गाडीची सरशी झाली, कारण बॅटरी उतरल्यावर आमच्याकडे उरते ते कमी फेऱ्यांवर मवाळ असलेले इंजिन.

चारही चाकांना जोर देण्याची व्यवस्था दोन्हींत आहे. आमच्या मागच्या आसाला स्वतंत्र मोटर आहे आणि पुढून मागे जाणारा दांडा नाही, तर भावाच्या गाडीत तो दांडा आहे. ओल्या, निसरड्या चढावर जागचे हलण्यास आमची व्यवस्था पुरली. त्याहून कठीण रस्त्यावर आम्ही गेलो नाही.

देखभालीतल्या दोन गोष्टी विकणाऱ्याने सांगायला हव्या होत्या असे मला मनापासून वाटते. मागच्या आसनाखाली मुख्य बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी आहे. सातव्या महिन्यात तिथून घोंघाट येऊ लागला, तेव्हा उघडून पाहिले तर आतली गाळणी कापसासारख्या धुळीने आणि आमच्या कुत्र्याच्या केसांनी भरली होती. बॅटरीला उष्णतेइतके बाधक दुसरे क्वचितच काही असेल, आणि ही जाळी सामानाने झाकली जाऊ नये एवढे एक वाक्यही गाडी देताना कोणी उच्चारले नाही. दुसरी गोष्ट बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीची. चार आठवडे गाडी उभी राहिली आणि परतल्यावर ती सुरू होईना. मुख्य बॅटरीत पुरेशी वीज होती, पण तिला जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) आणि सगळे संगणक त्या छोट्या बॅटरीवर चालतात. हा प्रसंग भावाच्या गाडीवरही येऊ शकतो. आता लांब जायचे असेल तर शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवते आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी सुरू ठेवायला सांगते. उघड्या जागेत, अर्थात.

ब्रेकचे पॅड नव्यासारखे आहेत. मात्र वेग आवरण्याचे बहुतेक काम मोटरीच करत असल्याने मागच्या ब्रेकच्या चकत्यांवर गंजाचे पट्टे दिसू लागले आहेत, आणि पुढच्या सर्व्हिसमध्ये चाके काढून कॅलिपर (पॅड चकतीवर दाबणारा भाग) साफ करायला मी लेखी सांगून ठेवले आहे.