एरा ६६० आणि आयपॅड: आठ महिने घरच्या सिमवर आणि सेस्ना १७२ मध्ये

आधी साहित्य सांगतो, म्हणजे पुढचं कोणाला लागू पडेल ते कळेल. विमान भाड्याचं सेस्ना १७२एस, तळ अ‍ॅरिझोनातला डीअर व्हॅली विमानतळ (केडीव्हीटी). ग्लेअरशील्डवर (उपकरणांच्या पटावरच्या कठड्यावर) गार्मिन एरा ६६० हा सुटा विमानी जीपीएस, मांडीवर आयपॅड मिनी आणि त्यात फोरफ्लाइट हे वैमानिकांचं नकाशा-अ‍ॅप. हा आयपॅड नुसता वाय-फायवाला आहे. त्यात जीपीएसची चिपच नसते, ती फक्त सेल्युलर मॉडेलमध्ये येते, म्हणून सोबत गार्मिन ग्लो २ हा वेगळा छोटा जीपीएस रिसीव्हर. घरी एक्स-प्लेन १२ आणि मायक्रोसॉफ्टचा, हे उड्डाणाचे दोन सिम्युलेटर (सिम), दोन्हीकडे हाच आयपॅड.

निकाल लगेच सांगून टाकतो: आयपॅड दोन्हीकडे उपयोगाचा, एरा फक्त विमानात. एराला सिमशी जोडायचा हट्ट सोडा. जुन्या १९६ ते ४९६ या गार्मिनना सिरिअल वायरीने एक्स-प्लेनमधून स्थान पुरवता यायचं. ६६० ला ब्लूटूथ आहे, पण ते मुख्यतः गार्मिनच्याच ट्रान्सपाँडर आणि रिसीव्हरशी बोलायला. घरी बटणांचा सराव करायचा तर एरातच सिम्युलेटर मोड आहे. वेग आणि दिशा द्या, पडद्यावरचं विमान चालू लागतं. फक्त निघण्यापूर्वी तो बंद केल्याची खात्री करा. टॅक्सी करतानाच जागा आणि वेग जुळताहेत का हे एकदा बघितलं की चूक जमिनीवरच सापडते.

सिमची जोडणी

एक्स-प्लेनमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, मग आयफोन-आयपॅडचा भाग उघडा आणि नेटवर्कवरच्या सगळ्या नकाशा-अ‍ॅपना माहिती पाठवण्याचा पर्याय टिक करा. फोरफ्लाइटमध्ये मोअर, डिव्हाइसेस इथे एक्स-प्लेन दिसतो, तो एनेबल करा. मायक्रोसॉफ्टच्या सिमला मध्ये एक छोटा पूल-प्रोग्रॅम लागतो, जो सिमकनेक्टमधून (सिममधली माहिती बाहेर देणाऱ्या सोयीतून) स्थान घेऊन आयपॅडला पाठवतो. एफएस२एफएफ हा मुक्तस्रोत आहे आणि काम नीट करतो.

दिसलं नाही तर दहातल्या नऊ वेळा खोट सिममध्ये नसते. पाहायचा क्रम असा: आयपॅडच्या सेटिंग्जमध्ये फोरफ्लाइटला लोकल नेटवर्कची परवानगी आहे का, व्हीपीएन चालू आहे का, आयपॅड राउटरच्या गेस्ट वाय-फायवर तर नाही ना (तिथे उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत), विंडोजने घरच्या नेटवर्कला 'पब्लिक' ठरवून फायरवॉल लावलाय का. शेवटचं दुखणं चिवट आहे: पीसीवर व्हर्च्युअल मशीन असेल तर तिचं खोटं नेटवर्क कार्डही यादीत असतं आणि ब्रॉडकास्ट तिकडेच निघून जातं. अशा वेळी आयपॅडचा आयपी पत्ता थेट लिहा.

स्वतः स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी: ४९००२ या यूडीपी पोर्टवर सेकंदाला एक ओळ जाते. आधी एक्सजीपीएस आणि सिमचं नाव, मग स्वल्पविराम देऊन रेखांश, अक्षांश, उंची, ट्रॅक (जमिनीवरून पाहता प्रवासाची दिशा), वेग. रेखांश आधी आहे, ते लक्षात ठेवा. उंची मीटरमध्ये, ट्रॅक खऱ्या उत्तरेपासून, वेग मीटर प्रति सेकंद. ७५०० फूट तसेच पाठवलेत तर नकाशा २४,६०० फूट दाखवतो. ११० नॉट्स तसेच पाठवलेत तर २१४ नॉट्स. हे आकडे दिसले की खोट कुठे ते शोधायला नको.

आणखी एक. फोरफ्लाइटचं आपोआप ट्रॅक नोंदवणं सिमच्या वेळी बंद करा, नाहीतर घरच्या खुर्चीतली उड्डाणं लॉगबुकच्या मसुद्यात येऊन बसतात. घरच्या पीसीवरचे तास मान्यता नसलेल्या साधनावरचे, ते अमेरिकेत मोजले जात नाहीत आणि भारतात डीजीसीए या विमान-नियामकाकडेही नाहीत.

सिम काय लपवतो

सगळ्यात मोठा फरक उंचीचा. सिममध्ये प्रमाण वातावरण (ठरावीक दाब-तापमानाची हवा) ठेवलं की अल्टिमीटर, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची सांगणारं यंत्र, आणि जीपीएस यांची उंची जवळजवळ एकच दिसते, आणि दोन्ही एकच गोष्ट आहे अशी सवय लागते. आता डीअर व्हॅलीहून सेडोनाला निघा, सुमारे ७० नॉटिकल मैल, ७५०० फुटांवर. डीअर व्हॅलीची उंची १४७८ फूट. उन्हाळ्याच्या दुपारी हवा प्रमाणापेक्षा सहज २५ अंश गरम असते. ठोकताळा असा की दर १० अंशांना, अल्टिमीटरचा आकडा जिथून घेतला त्या जागेच्या वरच्या उंचीत ४ टक्क्यांचा फरक पडतो. वरची उंची ६००० फूट, फरक १० टक्के, म्हणजे ६०० फूट. अल्टिमीटर ७५०० सांगतो, एरा ८१०० च्या आसपास. बिघाड कशातच नाही. पण नवशिका एरावर ७५०० आणायला खाली उतरतो आणि समोरून येणाऱ्यांच्या पातळीच्या दिशेने सरकतो. उंची धरायची ती अल्टिमीटरनेच. डोंगर किती जवळ आहे एवढंच एराला विचारायचं. थंडीत हाच हिशेब उलटतो आणि तेव्हा तो खरा घातक.

दुसरी गफलत जीडीएल९० या पद्धतीने माहिती पाठवणाऱ्या पुलांत सापडते. या पद्धतीत भूमितीय उंची समुद्रसपाटीपासून नसते, पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून असते. ती समुद्रसपाटीपासूनची असेल तर फोरफ्लाइटला एका खुणेने तसं कळवावं लागतं. पुलाने खूण चुकवली की फिनिक्सजवळ साधारण १०० फुटांची तफावत येते. हेच सिममध्ये पुण्याहून उडाल तर २०० फुटांहून जास्त, कारण भारताच्या भागात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे. पुण्याच्या लोहगाव धावपट्टीवर उभं असलेलं विमान हवेत तरंगताना दिसलं तर सीनरीला दोष देऊ नका.

तिसरं, विमानाचा कल. सिम आयपॅडला कल आणि नाकाची दिशा सेकंदाला अनेकदा पाठवतो, त्यामुळे फोरफ्लाइटचं सिंथेटिक व्हिजन (समोरच्या जमिनीचं संगणकी चित्र) लोण्यासारखं चालतं. विमानात नुसत्या ग्लो २ सोबत हे मिळत नाही. तो १० हर्ट्झने स्थान देतो, कल देत नाही. त्यासाठी एएचआरएस (कल मोजणारे संवेदक) असलेला रिसीव्हर, सेंट्रीसारखा, वेगळा घ्यावा लागतो. एराचं पॅनेल पान (चित्रातली उपकरणं) नुसत्या जीपीएसवर चालतं तेव्हा ट्रॅक किती झपाट्याने बदलतोय त्यावरून वळण दाखवतं. वळण सुरू झाल्यावर क्षणभराने ते हलतं, आणि विमान घसरत वळत असेल तर ते त्याला कळतच नाही. ढगात शिरल्यावर आधार म्हणून याकडे पाहायचा विचारसुद्धा नको.

ऊन, वीज, रेडिओ

आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचा असं अ‍ॅपलच सांगते. अ‍ॅरिझोनात मे ते सप्टेंबर हा आकडा विमानात बसण्याआधीच ओलांडलेला असतो. आधी चार्जिंग थांबतं, मग पडदा मंदावतो, मग थर्मामीटरचं चित्र येतं. जाड केस काढा, थेट उन्हात ठेवू नका, हवेचा झोत पाठीवर घ्या. उभ्या विमानात विसरून जाणं सर्वात महाग पडतं. एराला उष्णता यापेक्षा बरी सोसते, आणि एरा ठेवण्याचं खरं कारण तेवढंच. अ‍ॅपची सुखसोय आयपॅडमध्येच जास्त आहे.

एराची बॅटरी कंपनीच्या म्हणण्यानुसार ४ तास. पूर्ण ब्राइटनेसवर तेवढी पुरत नाही, दोन तास धरूनच बेत करा. १७२एसची वीजयंत्रणा २८ व्होल्टची, जुन्या १७२ ची १४ ची. सिगारेट लायटरच्या जागी असलेल्या सॉकेटला किती येतात ते विमानाच्या पुस्तकात बघा. '१२ ते २४ व्होल्ट' छापलेला गाडीचा स्वस्त चार्जर २८ वर लावू नये. शिवाय असे चार्जर रेडिओत खरखर आणतात. चाचणी सोपी: रेडिओचा स्क्वेल्च (शांततेतली खरखर दाबणारी सोय) उघडा, चार्जर लावा-काढा आणि ऐका.

रेडिओचाही जीपीएसवर उलटा परिणाम होऊ शकतो. जीपीएसची लहर १५७५.४२ मेगाहर्ट्झ. तिला १३ ने भागलं की १२१.१९ च्या जवळ, १२ ने भागलं की १३१.२९ च्या जवळ. म्हणजे त्या आसपासच्या वारंवारितेवर बोलताना रेडिओचे गुणक नेमके जीपीएसवर येऊन आदळतात. एखाद्या ठरावीक वारंवारितेवर बटण दाबलं की उपग्रह जातात आणि सोडलं की येतात, तर उपकरण दुकानात परत नेण्याआधी त्याची जागा बदलून बघा.

जागेचं म्हणाल तर ग्लेअरशील्डवर आकाश छान दिसतं, पण कंपासही तिथूनच जवळ. एरा, आयपॅड आणि चुंबकी केस जागेवर ठेवा, मग काढा, कंपास हलला तर माउंट सरकवा. योकवर (विमानाच्या सुकाणूवर) लावणाऱ्यांनी योक पूर्ण मागे ओढून दोन्ही बाजूंना वळवून पाहावा, वायर अडकते ती तिथेच. पोलरॉइड गॉगल घालत असाल तर पडदा आडवा-उभा फिरवून बघा, एका बाजूला तो काळा पडू शकतो.

विमानतळ आणि मार्गबिंदूंच्या डेटाबेसचं चक्र २८ दिवसांचं. सिमचं चक्र जुनं आणि एराचं नवं असेल तर एखादा बिंदू एकीकडे सापडतो आणि दुसरीकडे नाही. अपडेटला संगणक एरा ओळखत नसेल तर केबल बदला, बऱ्याच केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात.

भारतात वापरायला हे नेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. अमेरिकेत एडीएस-बी (विमानांची स्थानं आणि हवामान सांगणारं रेडिओ-प्रसारण) रिसीव्हरवर फुकट मिळणारं हवामान तिकडे नाही, त्यासाठी सेंट्री घेऊ नका. आणि एरा-ग्लो उपग्रहाचं नुसतं ऐकतात, पण इनरीचसारखे उपग्रहाला संदेश पाठवणारे संच परवानगीशिवाय भारतात नेऊ नका. गोव्याच्या विमानतळावर अशाच संचांपायी परदेशी प्रवासी अडचणीत आले आहेत.

सिमचा सगळ्यात चांगला वापर मात्र जीपीएस बंद करायला होतो. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सच्या लष्करी चाचण्यांमुळे अ‍ॅरिझोनात जीपीएस बेभरवशाचं असल्याचे नोटॅम (वैमानिकांसाठीचे इशारे) निघतात, आणि जीपीएसच्या गोंधळाबद्दल डीजीसीएनेही २०२३ मध्ये वैमानिकांसाठी सूचना काढली. म्हणून सिममध्ये सेडोनाला निघा आणि वाटेत एक्स-प्लेनचं प्रसारण बंद करा. वारा नसेल तर ११० नॉट्सने हे अंतर ३८ मिनिटांचं. हातात घड्याळ, सेक्शनल (वैमानिकांचा नकाशा) आणि नाकासमोर कंपास. सेल्युलर आयपॅड असेल तर तो तोवर तुमच्या घराचं छप्पर दाखवत बसलेला असेल.