किम नोवाक, सयामी मांजर आणि माझे साडेनऊ हजार रुपये

जुन्या हॉलिवूडचे फोटो जमवणाऱ्यांनी, आणि नव्याने या नादाला लागलेल्यांनी तर नक्कीच, हे वाचावं. पैसे गेले ते गेले, पण मी विश्वास ठेवला कसा ते नीट सांगते, म्हणजे तुम्ही वेळीच थांबाल.

मी एकाच प्रकारचे फोटो जमवते: प्रसिद्धीसाठी काढलेले, नट-नटीजवळ मांजर असलेले. नटीच्या चेहऱ्यावर मेकअप, दिवे, सगळं ठरवून केलेलं असतं. मांजर मात्र त्याला हवं तिकडेच बघतं. म्हणून त्या फोटोंत मला जीव वाटतो.

१९५८ च्या ‘बेल, बुक अँड कँडल’मधली किम नोवाक आणि तिचं सयामी मांजर यांचा फोटो मी कित्येक दिवस शोधत होते. सिनेमात ती चेटकीण आहे आणि पायवॅकेट नावाचं हे मांजर तिच्या मंत्रतंत्रातलं सोबती. संग्राहकांच्या एका ग्रुपवर तो विकायला आलेला दिसला. “अस्सल, त्याच काळातली प्रत, मागे स्टुडिओची चिठ्ठी शाबूत.”

मी मेसेज केला. माणूस फार गोड बोलायचा, आणि त्याला माहितीही खरी होती. ‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’मध्ये ऑड्री हेपबर्नसोबत दिसणारा ऑरेंजी हा फ्रँक इनने शिकवलेला बोका. प्राण्यांना मिळणारा पॅट्सी पुरस्कार त्याला दोनदा मिळाला, १९५२ मध्ये ‘रूबार्ब’साठी आणि १९६२ मध्ये ‘टिफनीज’साठी, हे त्याने मला न विचारता सांगितलं. ज्याला एवढं ठाऊक आहे, जो मांजरांबद्दल इतक्या मायेने बोलतो, तो फसवेल असं मनातही आलं नाही. माझी चूक इथेच झाली. माहिती कोणीही वाचून सांगू शकतं. त्यावरून हातातली वस्तू खरी ठरत नाही.

मग घाई सुरू झाली. “कोलकात्याचे एक गृहस्थ मागतायत, ताई, पण तुम्ही मांजरवाल्या, तुम्हाला द्यावासा वाटतो.” त्याने मागच्या बाजूचा फोटो पाठवला. पिवळट कागदाची चिठ्ठी, तिचा उजवा कोपरा फाटलेला, खाली जांभळ्या शाईचा फुटलेला शिक्का. मी त्याच रात्री यूपीआयने पैसे पाठवले.

या चिठ्ठीचं महत्त्व सांगायला हवं. स्टुडिओ ८ बाय १० इंचाच्या प्रती वर्तमानपत्रांना पाठवत. सायक्लोस्टाइल केलेल्या मजकुराची चिठ्ठी त्यांच्या पाठीवर डकवलेली असे आणि छापल्यावर वर्तमानपत्र आपला तारखेचा शिक्का मारी. संग्राहक पैसे मोजतात ते मुख्यतः या पाठीसाठी.

पार्सल आलं. पुढून फोटो सुरेख दिसत होता. उलटा करून चिठ्ठीच्या कडेवरून नख फिरवलं, तर ते कुठेच अडकलं नाही. पुन्हा फिरवलं. चिठ्ठी नव्हतीच. चिठ्ठीचा फोटो होता, फाटक्या कोपऱ्याखालच्या सावलीसकट कागदावर छापलेला. हात गार पडले.

मग भिंग घेतलं. मांजराची एक मिशी काळ्या पार्श्वभूमीवर छान पांढरी दिसत होती. भिंगाखाली तिच्या कडेला निळे, गुलाबी, पिवळे ठिपके. कृष्णधवल फोटोत रंगीत ठिपके, म्हणजे सरळ इंकजेट प्रिंट. चांदीच्या क्षारांवर डार्करूममध्ये केलेल्या खऱ्या प्रतीत ठिपके नसतात, करड्या छटा सलग एकमेकींत मिसळतात. जुन्या प्रतीच्या गडद भागात, विशेषतः कडांना, तिरप्या उजेडात चांदीसारखी निळसर झाक बऱ्याचदा दिसते. इथे तीही नव्हती.

अतिनील टॉर्चचा सल्ला बरेच जण देतात. तो १९४० च्या किंवा त्याआधीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या फोटोंना लागू पडतो. कागद निळसर पांढरा झगमगला तर तो नंतरचा, कारण कागदाला उजळपणा देणारी रसायनं १९५० च्या दशकात येऊ लागली. १९५८ च्या फोटोबाबत नुसत्या त्या झगमगाटावरून काही ठरवू नका.

विकत घेण्याआधी व्हिडिओ मागा. चिठ्ठीची कड नखाने हलकेच उचलून दाखवा म्हणा, फोटो उजेडात तिरपा करून दाखवा म्हणा. खरा विक्रेता कुरकुर करेल, पण दाखवेल. नवी प्रत नवी म्हणून तीनशे रुपयांना विकली तर माझी काहीच तक्रार नाही, मीही घेतल्या आहेत.

त्याला विचारलं तेव्हा आधी “रिस्टोअर केलेली प्रत आहे” म्हणाला, मग ब्लॉक केलं. मी ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तोवर बारा दिवस उलटले होते, तोपर्यंत खातं रिकामं झालेलं. कळल्या क्षणी फोन करा, पैसे पुढे सरकण्याआधी तक्रार पोचली तर ते गोठवता येतात.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर, दुसऱ्याच नावाने, तोच फोटो पुन्हा आला. या वेळी अकरा हजार. मागच्या बाजूचं चित्र मोठं करून पाहिलं. तोच फाटका उजवा कोपरा, तोच फुटलेला जांभळा शिक्का.