जेवढा कचरा तेवढे पैसे: सोलमधील पिशवीपद्धती दहा महिने वापरल्यानंतर

दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, घरातला कचरा हाताला लागेल त्या पिशवीत भरून बाहेर ठेवता येत नाही. त्यासाठी स्थानिक प्रशासनाने छापलेली पिशवी दुकानातून विकत घ्यावी लागते आणि कचरा उचलून त्याची विल्हेवाट लावण्याचे शुल्क त्या पिशवीच्या किमतीतच वसूल होते. ज्याच्या घरात कचरा जास्त त्याला पिशव्या जास्त लागतात, ज्याच्या घरात कमी त्याचे पैसे वाचतात. कोरियन लोक या पिशवीला ‘जोंगन्यांगजे बोंग्तू’ म्हणतात. नोकरीनिमित्त येथे आलेल्या आमच्या तिघांच्या कुटुंबाने ही पद्धत जवळपास दहा महिने रोज वापरली आहे. पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांत असे काही सुरू करता येईल का, अशी विचारणा तिकडच्या मित्रमंडळींकडून वारंवार होत असल्यामुळे जे लक्षात आले ते येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम किमतीविषयी, कारण पहिला प्रश्न नेहमी तोच येतो. सोलमध्ये 20 लिटरची घरगुती पिशवी साधारण 490 वॉनला, म्हणजे तिशीच्या आसपास रुपयांना मिळते आणि 10 लिटरची 250 वॉनला. कोपऱ्यावरच्या कोणत्याही किराणा दुकानात ती मिळते, आणि गठ्ठा न घेता एकेक सुटी मागितली तरी दुकानदार देतो. पिशवीवर आपल्या ‘गू’चे, म्हणजे शहराच्या 25 प्रशासकीय विभागांपैकी आपल्या विभागाचे नाव छापलेले असते आणि ती त्याच विभागात चालते. घर बदलून दुसऱ्या ‘गू’मध्ये गेल्यास उरलेल्या पिशव्या फुकट जात नाहीत, नव्या वस्तीतील जुमिन सेंटरमध्ये, म्हणजे नागरी सुविधा केंद्रात, त्यांच्यावर लावायची चिकटपट्टी मिळते. मोठ्या दुकानांत सामान नेण्यासाठी हीच पिशवी विकतात. त्यात भाजी घरी आणायची आणि नंतर त्याच पिशवीत कचरा भरायचा, ही सोय मला फार आवडली. आम्हाला आठवड्याला साधारण 20 लिटरची एक पिशवी पुरते, म्हणजे महिन्याचा खर्च रुपयांत दीडशेच्याही आत राहतो.

एवढ्याशा रकमेसाठी कोणी आपली सवय बदलेल का, अशी शंका मलाही होती. दहा महिन्यांनंतर माझे स्पष्ट मत असे आहे की सवय बदलते, पण ती केवळ पैशामुळे बदलत नाही. पिशवीला किंमत आहे, आणि पिशवीत न जाणाऱ्या जवळपास प्रत्येक वस्तूसाठी हाताच्या अंतरावर दुसरी, बहुधा विनामूल्य जागा आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजेच माणूस डबा उघडून विचार करू लागतो. आमच्या इमारतसमूहात तळमजल्यावर एक शेड आहे. तेथे कागद, पुठ्ठा, काच, डबे, साधे प्लास्टिक, पातळ प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोल यांची स्वतंत्र पिंपे व पोती लावलेली असतात. पारदर्शक पाण्याच्या बाटल्यांसाठी डिसेंबर 2020 पासून वेगळे पोते सक्तीचे झाले आहे आणि बाटलीवरचे लेबल काढून, ती चेपून टाकावी लागते. वापरलेल्या तेलाचे पिंप, जुन्या कपड्यांची पेटी, बॅटऱ्यांची व ट्यूबलाइटची पेटी हेही तेथेच. मोठी विद्युत उपकरणे घरी येऊन विनाशुल्क नेली जातात. पलंग किंवा कपाट टाकायचे असेल तर मात्र त्याच्या आकाराप्रमाणे शुल्क भरून त्यावर चिठ्ठी लावावी लागते. हे सगळे काढून टाकल्यावर पिशवीत उरते ते खरोखरच थोडे: डायपर, तेलकट कागद, झाडलोटीची धूळ, फुटलेली कपबशी, ज्यांचे काही होऊ शकत नाही अशी मिश्र वेष्टने.

लहान मूल असलेल्या घरासाठी डायपर हाच पिशवीचा मोठा हिस्सा असतो आणि तो कितीही काटकसर केली तरी कमी होत नाही. काही स्थानिक प्रशासने बालके असलेल्या कुटुंबांना जादा पिशव्या देतात, तर सरकारी निर्वाह अनुदानावर जगणाऱ्या कुटुंबांना अनेक ठिकाणी पिशव्या विनामूल्य मिळतात. हे मला फार महत्त्वाचे वाटते. श्रीमंताला आणि गरिबाला एकाच दराने विकली जाणारी वस्तू गरिबाच्या खिशाला जास्त जड जाते, आणि कचऱ्याच्या बाबतीत तर खर्च वाचवण्याचा सोपा मार्ग म्हणजे अंधारात नाक्यावर नेऊन टाकणे. तो मार्ग बंद करण्यासाठी येथे 10 लाख वॉनपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि बेवारस पिशवी उघडून आतल्या पावतीवरून किंवा पाकिटावरून पत्ता शोधला जातो. पण माझ्या मते दंडापेक्षा विनामूल्य पिशवीची सोय अधिक काम करते.

सर्वात अधिक वेळ आम्हाला लागला तो अन्नाच्या उरल्यासुरल्या भागाची व्यवस्था समजून घेण्यात, आणि मराठी स्वयंपाकघरासाठी तोच या अनुभवाचा गाभा आहे. ओला कचरा येथे त्या पिशवीत टाकायचा नसतो. आमच्या इमारतीबाहेर एक यंत्र आहे. त्याला कार्ड दाखवले की झाकण उघडते, आत टाकलेल्या अन्नाचे वजन पडद्यावर दिसते आणि त्याचे पैसे महिन्याच्या देखभाल बिलात लागतात. आमचा आकडा महिन्याला दोन हजार वॉनच्या आत राहतो. या अन्नापासून जनावरांचे खाद्य, खत आणि बायोगॅस तयार करतात, म्हणून ‘जे जनावर खाऊ शकेल तेच अन्न’ हा येथला नियम आहे, आणि त्या नियमाने आपल्या सवयीची बरीच उलथापालथ होते. आपण ज्याला निःशंकपणे ओला कचरा म्हणतो त्यातील कितीतरी गोष्टी येथे सामान्य कचरा ठरतात: कांद्याची व लसणीची साले, अंड्याची टरफले, चहाचा चोथा, मटणाची हाडे, खेकड्याची व शिंपल्यांची कवचे, शेंगदाण्याची टरफले, मक्याचे बुरकुंड, आंब्याची कोय, नारळाची करवंटी. उरलेला भात, पोळीचे तुकडे, कोबीची वरची पाने, बटाट्याची साले, कलिंगडाची साले (बारीक चिरून) हे अन्नात जाते. खारट पदार्थ धुऊन, निथळून टाकावे लागतात. उरलेले लोणचे तसेच टाकलेले चालत नाही.

रोज दोन वेळा चहा करणाऱ्या आणि दर भाजीला कांदा चिरणाऱ्या घरात याचा अर्थ असा की विकतची पिशवी कोरियन शेजाऱ्यांपेक्षा जरा लवकर भरते. आम्ही चहाचा चोथा आणि कांद्याची साले गॅलरीत वर्तमानपत्रावर पसरून वाळवू लागलो. वाळल्यावर त्यांचे आकारमान निम्म्यावर येते आणि वासही येत नाही. शुल्क अन्नाच्या वजनावर असल्यामुळे पाणी निथळून टाकण्याची सवय मात्र चटकन लागली, आणि त्याहून मोठा बदल म्हणजे भात मोजून लावणे. वजन रोज डोळ्यांसमोर आकड्यांत दिसू लागले की किती शिजवले आणि किती टाकले हे लपत नाही. येथील अनेक कुटुंबे उन्हाळ्यात हा कचरा फ्रीझरमध्ये ठेवतात. ते मला रुचले नाही, आम्ही रोज रात्री खाली नेतो.

ही पद्धत येथे कशी आली हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. 1995 पूर्वी कोरियात कचऱ्याचे शुल्क मालमत्ता कराच्या किंवा घराच्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने घेतले जाई. घर मोठे तर शुल्क मोठे, मग त्या घरातून मूठभर कचरा निघो की पोतेभर. साहजिकच कमी कचरा करण्याचे कोणालाच कारण नव्हते. सोलचा कचरा 1978 पासून हान नदीकाठच्या नानजिदो येथे ओतला जात होता. 1993 मध्ये ते बंद झाले तेव्हा तेथे जवळपास 100 मीटर उंचीचे दोन डोंगर उभे राहिले होते. 1994 मध्ये निवडक शहरांत चाचणी घेऊन 1 जानेवारी 1995 पासून पिशवीपद्धती देशभर एकाच दिवशी लागू झाली. दरडोई रोजचा कचरा एका वर्षात सुमारे 1.3 किलोवरून 1.1 किलोच्या आसपास आला. अन्नकचरा थेट जमिनीत पुरण्यास 2005 मध्ये बंदी आली आणि अन्नासाठी प्रमाणानुसार शुल्क 2013 मध्ये देशभर सुरू झाले. म्हणजे आज आम्ही जी घडी बसलेली पाहतो ती बसायला दोन दशके लागली आहेत.

मुंबई महापालिकेने 2025 मध्ये घनकचऱ्याच्या उपविधींचा जो मसुदा प्रसिद्ध केला त्यात घरगुती शुल्क घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे सुचवलेले होते, म्हणजे 50 चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना 100 रुपये आणि त्यापुढे चढत्या दराने. कोरियाने 1995 मध्ये सोडलेली पद्धत ती हीच. वसुलीसाठी ती सोपी आहे हे मान्य, पण तिच्यामुळे कचऱ्याचा एक कणही कमी होण्याचे कारण मला दिसत नाही. पुण्यातील बहुतेक घरांतही दरमहा ठरावीक रक्कम दिली जाते, मग वर्गीकरण केले काय आणि न केले काय.

आता उणिवा, आणि त्या किरकोळ नाहीत. आमच्यासारख्या इमारतसमूहात शेड आहे, यंत्र आहे, आणि शेडवर लक्ष ठेवणारे वयस्कर ‘क्योंगबी आजोशी’ म्हणजे पहारेकरी काका आहेत, जे चुकीच्या पोत्यात गेलेली बाटली शांतपणे काढून योग्य जागी ठेवतात. ही पद्धत त्यांच्या श्रमांवर किती उभी आहे हे दुरून कळत नाही. जुन्या वस्त्यांतील चार मजली इमारतींत, ज्यांना येथे ‘व्हिला’ म्हणतात, यांपैकी काहीच नसते. ठरलेल्या दिवशी सूर्यास्तानंतर पिशव्या दारासमोर गल्लीत ठेवाव्या लागतात. तेथे राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाकडे आम्ही वरचेवर जातो. दर तोच, नियम तेच, पण त्यांचा अनुभव आमच्याहून पुष्कळ त्रासाचा आहे: वर्गीकरण केलेल्या वस्तू घरातच साठवाव्या लागतात, मांजरे पिशव्या फाडतात, आणि कोणीतरी साध्या पिशवीत कचरा भरून त्यांच्याच दाराशी ठेवून जातो. पद्धत एकच असूनही जागेप्रमाणे तिचा न्याय बदलतो, हे मला खटकते.

दुसरी उणीव कचरा उचलणाऱ्यांच्या शरीराला भोगावी लागते. शुल्क आकारमानावर असल्यामुळे लोक पिशवी तुडवून तुडवून भरतात, वर टेपने बांधून उंची वाढवतात. 100 लिटरच्या पिशवीला 25 किलोची मर्यादा होती, तरी प्रत्यक्षात ती कितीतरी जड होई आणि रात्रीच्या रात्री अशा पिशव्या गाडीत फेकणाऱ्या कामगारांच्या पाठी व खांदे निकामी होत. त्यामुळे अनेक स्थानिक प्रशासनांनी 100 लिटरची पिशवी बंद करून कमाल आकार 75 लिटरवर आणला. पिशवीचा आकार ठरवताना ती विकत घेणाऱ्याइतकाच ती उचलणाऱ्याचाही विचार पहिल्या दिवसापासून व्हायला हवा होता.

शिवाय विनामूल्य मार्ग हे कायमचे विनामूल्य आणि कायमचे खुले असतात असेही नाही. चीनने परदेशी टाकाऊ प्लास्टिक घेणे थांबवल्यानंतर एप्रिल 2018 मध्ये सोल परिसरातील इमारतींतून पातळ प्लास्टिक उचलण्यास खासगी संस्थांनी नकार दिला आणि शेडमध्ये ढीग लागले. पिशवीत उरलेल्या कचऱ्याचाही प्रश्न सुटलेला नाही. राजधानी परिसरात घरगुती कचरा तसाच जमिनीत पुरण्यास 1 जानेवारी 2026 पासून बंदी आहे, म्हणजे तो जाळणे आले. आणि नव्या दहनप्रकल्पासाठी ज्या मापो विभागाची निवड झाली तेथील रहिवाशांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. नानजिदोचे डोंगर त्याच विभागात आहेत. शहराचा कचरा पंधरा वर्षे सोसलेल्या लोकांनी पुन्हा आपल्याच वाट्याला धूर का, असे विचारणे मला रास्त वाटते.

तेव्हा तिकडच्या सोसायटीत असे काही सुरू करायचे असेल तर माझे सांगणे असे की पिशवी शेवटी आणावी. आधी कोरड्या कचऱ्याची जागा, ओल्यासाठी खताची किंवा बायोगॅसची व्यवस्था, आणि घातक कचरा घेणारे ठिकाण हे सगळे निदान वर्षभर सुरळीत चालू द्यावे. मगच उरलेल्या कचऱ्याला किंमत लावावी. त्याआधी पिशवी आणली तर ती केवळ एक नवा कर ठरेल आणि लोक कचरा शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर टाकतील. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद घरोघरी जाऊन कचरा घेतात आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीवर त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग अवलंबून आहे, हेही विसरता कामा नये. सोलमध्ये पुठ्ठा गोळा करून हातगाडीवर नेणारी वृद्ध माणसे मी रोज पाहतो; वर्गीकरण नीटनेटके होत गेले तसे त्या पुठ्ठ्यावर कोणाचा हक्क, हे कोणी स्पष्ट ठरवलेले दिसत नाही. आपल्याकडे पुण्यात तो हक्क कराराने मान्य झालेला आहे, आणि पिशवीची कोणतीही योजना त्याला धक्का न लावता आखली पाहिजे.

सोलला नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एवढेच, की सुरुवातीला 20 लिटरच्या पिशव्या साठवू नका. जून ते ऑगस्टच्या दमट पावसाळ्यात हाडे आणि कोळंबीची साले असलेली अर्धी भरलेली पिशवी घरात आठवडाभर ठेवणे असह्य होते, आणि पिशवी भरायची वाट पाहण्यात वाचणारे पैसे नगण्य असतात. त्या महिन्यांत 10 लिटरची, आणि माशांचा बेत वारंवार होत असेल तर 5 लिटरची पिशवी घ्यावी. दर लिटरमागे जवळपास सारखाच पडतो.