गॅसवर थरथरणारी आठशे आणि उद्यमनगरातले मामा

आमची मारुती आठशे १९९८ ची, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळायचा जुना भाग असलेली. सासऱ्यांनी घेतलेली. गाडी गॅसवर चालवायचं एलपीजी किटही त्यांनीच बसवलं आणि आरसी बुकात रीतसर नोंदवलं. आता ती माझ्याकडे आहे. रोज सकाळी कोल्हापुरात राजारामपुरीतून बेचाळीस डबे घेऊन मी शिरोली एमआयडीसीला जाते, आणि त्या फेरीत गाडी वीसदा तरी थांबते. आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचं चालू राहणं, बिघडलं की माझा धंदाच अडतो.

दिवाळीनंतर तेच झालं. पेट्रोलवर चालू करून गॅसवर टाकली की स्टिअरिंगपासून मागच्या डब्यांच्या झाकणांपर्यंत सगळं थरथरायचं. दाभोळकर कॉर्नरला थांबले की बंद. तिसऱ्या गिअरला पाय दिला की गचके, मधूनच बॉनेटखाली ‘फाट्’ असा आवाज. आधीच्या एका गॅरेजने गॅसचा स्क्रू फिरवून दिला, दोन दिवस बरं वाटलं. परत गेले तर म्हणाले कार्ब्युरेटर बदला. साडेतीन हजार गेले, थरथर तशीच, वर गॅसचा वास सुरू.

शेवटी पंपावर भेटलेल्या एका रिक्षावाल्या काकांनी उद्यमनगरातलं हे गॅरेज सांगितलं. बोर्ड नाही. लेथवाल्यांच्या गल्लीत ‘गॅसवाले मामा’ म्हणून विचारायचं. आत खड्डा नाही, गाडी उघड्यावरच्या रॅम्पवर चढवतात. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खड्ड्यात साचून राहतो, म्हणून. मला तिथेच विश्वास वाटला.

मामांनी स्क्रूला हातच लावला नाही. म्हणाले, “गॅसवर बिघडती म्हणून दोष गॅसचाच, असं नसतंय ताई. आधी पेट्रोलवर ऐकू.” पेट्रोलवरही ती किंचित अडखळत होती, मला इतके दिवस ते कळलं नव्हतं. मग रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची टोपी काढून बघितली. पहिली काढली, इंजिन बसायला लागलं. तिसरी काढली, तसंच. मधली काढली तर आवाजात फारसा फरक नाही. म्हणजे तीनातला एक सिलिंडर अर्धवट झोपलेला. गॅसची टाकी बंद करून, पाइपातला गॅस संपवून, सगळं हवेशीर झाल्यावर त्यांनी अंधार पडू दिला आणि पेट्रोलवर इंजिन चालू करून मला बॉनेटखाली बघायला लावलं. मधल्या प्लगच्या वायरीतून निळी ठिणगी बाजूच्या लोखंडावर उडत होती. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त दाबाची ठिणगी लागते. त्यामुळे वायर कमकुवत झाली की पेट्रोलवर कसंबसं निभतं, गॅसवर उघडं पडतं. त्यांनी वायरींचा पूर्ण संच आणि तीनही प्लग बदलले, प्लगची फट थोडी कमी ठेवली.

पण गॅसचा वास वायरीमुळे नव्हता. टाकीतला पातळ गॅस रिड्यूसरमध्ये वायूरूप होतो, आणि त्याला लागणारी ऊष्णता रेडिएटरच्या गरम पाण्यातून मिळते. मामांनी माझा हात पाण्याच्या दोन्ही नळ्यांवर ठेवला. एक चटका देणारी, दुसरी कोमट. रेडिएटरमध्ये पाणी कमी, नळीत हवा अडकलेली, रिड्यूसरच्या अंगावर दव. खालचा बोल्ट सोडला तर अर्धी वाटी काळं, घाण वासाचं तेल निघालं. गॅसबरोबर थोडं थोडं येऊन साचतं म्हणे. आतला रबरी पडदा पापडासारखा कडक झालेला, म्हणून बंद व्हायचा तेव्हा नीट बसत नव्हता आणि गॅस झिरपायचा. पडदे आणि सील नवे घातले, जोडांना साबणाचा फेस लावून गळती बघितली. एअर फिल्टरही बुजलेला होता. मिक्सरच्या, म्हणजे हवेच्या ओढीनेच गॅस खेचणाऱ्या, या जुन्या किटमध्ये हवा अडली की गॅस जास्त ओढला जातो. आयडलिंगचा स्क्रू सगळ्यात शेवटी, इंजिन पुरतं तापल्यावर फिरवला.

वायरी ४५०, प्लग ३६०, रिड्यूसरचं किट ८००, फिल्टर १५०, मजुरी १,२००. एकूण २,९६० रुपये. काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत दिले. तीन आठवडे झाले, गाडी सिग्नलला एकदाही बंद पडलेली नाही. लिटरला दहावर आलेली पुन्हा तेरा देते. पेट्रोलवर ती सोळा देते, पण गॅसचा दर बघता मला हेच परवडतं.

तक्रारही आहे. एक दिवस म्हणाले आणि अडीच दिवस लागले, फोन केला नाही. मला डबे भाड्याच्या रिक्षाने पाठवावे लागले. एवढा निरोप त्यांनी द्यायलाच हवा होता. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांचं किट ते करत नाहीत. टाकीला हात लावत नाहीत, तिची पाच वर्षांची चाचणी मान्यताप्राप्त ठिकाणीच करून आणायला सांगतात. आणि माझ्यासमोर एकाने घरगुती सिलिंडरमधून गॅस भरायची नळी मागितली, त्याला त्यांनी गाडीसकट बाहेर काढलं. माझ्या स्वयंपाकघरात चार शेगड्या चालतात, त्या वायूची भीती मला ठाऊक आहे. ते बघून फोनचा राग निम्मा उतरला.

जाणार असाल तर गाडी आदल्या संध्याकाळीच नेऊन ठेवा. टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट, ते इंजिन रात्रभर गार झाल्यावर, सकाळीच बघतात.