सर्व्हरवर अपडेट नुसते बघायचे, टाकायचे नाहीत: बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

डेबियन, उबुंटू आणि अल्मा अशा वेगवेगळ्या लिनक्सचे मिसळ सर्व्हर सांभाळते आणि गेले बरेच महिने सगळीकडे एकच पद्धत ठेवलीये. मशीनने रोज फक्त बघायचं काय नवीन आलंय, मेल टाकायचा आणि गप्प बसायचं, इन्स्टॉल करायचं काम माणूस करणार. पद्धत मला आवडलीये, सोडणार नाही, पण "दोन ओळींचा क्रॉन लावला की झालं" (क्रॉन म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) असं जे सगळे सांगतात ना ते अर्धंच खरं आहे. दोन ओळींत जे येतं ते चांगल्या दिवसाचं येतं, वाईट दिवशी ते काय करतं हे महिन्या-दोन महिन्यांनी कळतं.

आधी एपीटीचं, म्हणजे डेबियन-उबुंटूवर सॉफ्टवेअरची पॅकेजं बसवणाऱ्या पॅकेज मॅनेजरचं. एपीटी अपडेट चालवलं की फक्त रेपोच्या, म्हणजे पॅकेजं जिथून येतात त्या साठ्याच्या, याद्या ताज्या होतात, एकही पॅकेज हलत नाही, त्यामुळे रोज चालवायला बिनधास्त. मग एपीटी लिस्ट --अपग्रेडेबल दिलं की समोर यादी. हाताने बघायला हे मस्त आहे, पण स्क्रिप्टमध्ये घातलं की एपीटी स्वतःच वॉर्निंग देतो की माझा इंटरफेस स्थिर नाही, स्क्रिप्टमध्ये जपून वापरा. म्हणून मेलसाठी मी एपीटी-गेट -एस वर, म्हणजे एपीटीच्याच जुन्या कमांडवर, गेले. हा -एस म्हणजे सिम्युलेट, सगळं करून दाखवतो आणि काहीच करत नाही, रूट, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार, पण लागत नाहीत. आउटपुटमध्ये 'इन्स्ट'ने सुरू होणाऱ्या ओळी मोजायच्या, त्यातच जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती आणि ती कुठल्या रेपोतून येणार ते लिहिलेलं असतं. आणि 'रेमव्ह'ने सुरू होणारी एक जरी ओळ दिसली तरी थांबून वाचायचं, कारण ते पॅकेज काढून टाकलं जाणार असतं.

यात एक गोम आहे. एपीटी-गेट -एस अपग्रेड नवीन पॅकेज आणतच नाही, आणि कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, अपडेट बहुतेक वेळा नवीन नावाचं पॅकेज घेऊन येतो, त्यामुळे कर्नल नुसता 'केप्ट बॅक'मध्ये, म्हणजे मागे ठेवलेल्यांच्या यादीत, पडून राहतो आणि 'इन्स्ट'च्या मोजणीत धरलाच जात नाही. नेमकं जे सगळ्यात आधी कळायला हवं तेच गायब! -एस डिस्ट-अपग्रेड वापरा, ते नवीन पॅकेजही धरतं, सिम्युलेशनच आहे, घाबरायचं काही नाही.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे एवढं लिहितेय. मेलमध्ये शून्य अपडेट आले म्हणजे काय? एकतर खरंच काही नाही, किंवा सर्व्हरला रेपोपर्यंत पोचताच आलं नाही. ह्या दोन गोष्टी एपीटी तुम्हाला वेगळ्या करून देत नाही. रेपो मिळाला नाही तर एपीटी-गेट अपडेट म्हणतो काही याद्या उतरल्या नाहीत, जुन्याच वापरल्या, आणि बऱ्याचदा एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा, शून्य म्हणजे यशस्वी) शून्यच देऊन मोकळा होतो. स्क्रिप्टला वाटतं सगळं छान. आमच्याकडे एका मशीनच्या प्रॉक्सीची (नेटवर जायच्या मधल्या सर्व्हरची) सेटिंग बदलली गेली आणि ते मशीन रोज इमानदारीत "काही नवीन नाही" सांगत राहिलं, बाजूच्या तशाच मशीनला ढीगभर अपडेट दिसत होते म्हणून लक्षात आलं. नवीन एपीटीत --एरर-ऑन=एनी असा ऑप्शन आहे, तो लावला की याद्या नीट उतरल्या नाहीत तर कमांड फेल होते. मी तो सगळीकडे लावलाय, शिवाय याद्या शेवटच्या कधी ताज्या झाल्या ती वेळ मेलच्या पहिल्याच ओळीत टाकते. एवढी एक ओळ बाकी सगळ्या सजावटीपेक्षा कामाची आहे.

अल्मावर उलटी तऱ्हा, तिथला पॅकेज मॅनेजर डीएनएफ. डीएनएफ चेक-अपडेट काही नसेल तर शून्य देतो, अपडेट असतील तर १००, आणि खरी एरर आली तर १. म्हणजे तिन्ही अवस्था स्वच्छ वेगळ्या, मला हे एपीटीपेक्षा कितीतरी बरं वाटतं. फक्त ज्यांना हे माहीत नाही त्यांच्या स्क्रिप्ट १०० बघून मरतात किंवा मॉनिटरिंग लाल होतं आणि मग कोणीतरी वैतागून शेवटी 'ऑर ट्रू' (काहीही झालं तरी यशस्वी म्हण) चिकटवतो, मग खरी एरर पण गिळली जाते. आणि डीएनएफ कॅश, म्हणजे आधी उतरवून ठेवलेली यादी, वापरतो, डिफॉल्ट मुदत ४८ तास, त्यामुळे --रिफ्रेश दिल्याशिवाय तुम्ही परवाची यादी आजची समजून वाचत असाल. क्रॉन लिहायचा कंटाळा असेल तर डीएनएफ-ऑटोमॅटिक आहे, कॉन्फिगमध्ये अप्लाय अपडेट्स 'नो' ठेवायचं आणि मेल चालू करायचा, बस.

सिक्युरिटीचे अपडेट वेगळे काढणं हा सगळ्यात किचकट भाग. सुरुवातीला सगळे करतात तसं यादीत 'सिक्युरिटी' शब्द ग्रेप करायचा, म्हणजे शोधायचा. डेबियनवर बऱ्यापैकी चालतं. उबुंटूवर मात्र असं होऊ शकतं की सिक्युरिटीचा फिक्स आला आणि त्यानंतर त्याच पॅकेजची अजून नवी आवृत्ती साध्या अपडेट्समध्ये आली, मग यादीत फक्त शेवटची दिसते आणि ग्रेप कोरडा जातो, मधला फिक्स तुमच्या मशीनवर नसतानाही. उबुंटूच्या अपडेट-नोटिफायरसोबत येणारा एपीटी-चेक मधल्या आवृत्त्याही बघतो, दोन आकडे देतो, एकूण आणि सिक्युरिटीचे, मध्ये अर्धविराम. गंमत म्हणजे हे आकडे तो स्टँडर्ड एररवर, म्हणजे एररसाठीच्या वेगळ्या वाटेवर, छापतो, त्यामुळे आउटपुट पुढच्या कमांडला देणाऱ्या साध्या पाइपमध्ये काहीच हाती लागत नाही आणि माणूस डोकं खाजवत बसतो. अल्मा आणि तिच्यासारख्याच रॉकी लिनक्सवर डीएनएफ अपडेटइन्फो नीट सांगतो. त्याच घराण्यातल्या जुन्या सेंटओएसच्या रेपोत मात्र ही माहितीच नसायची, तिथे सिक्युरिटी फिल्टर लावला की कायम शून्य, आणि लोक खूश.

आवृत्तीच्या आकड्यावरून पण गोंधळ होतो. १ जुलै २०२४ ला ओपनएसएसएचचा (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) सीव्हीई-२०२४-६३८७, म्हणजे ह्या नोंदणी नंबरचा सुरक्षा-दोष, जाहीर झाला, मूळ प्रोजेक्टने ९.८ मध्ये दुरुस्त केला, पण डेबियन १२ ने तोच फिक्स ९.२ मध्येच आणून बसवला, बदल काय तर शेपटाला डेब१२यू३. ऑडिटवाले 'अजून ९.२ च आहे' म्हणून बोंब मारतात. म्हणून मेलमध्ये पूर्ण आवृत्ती शेपटासकट टाका आणि शंका आली की एपीटी चेंजलॉग बघा, त्यात सीव्हीईचा नंबर असतो.

उबुंटूवाल्यांनी अजून दोन गोष्टी बघाव्यात. एक, सर्व्हरवर अनअटेंडेड-अपग्रेड्स आधीपासून चालू असतो, म्हणजे तुम्ही "फक्त बघतोय" म्हणताय आणि मागे सिक्युरिटीचे अपडेट आपोआप बसतायत, खरंच फक्त बघायचं असेल तर २०ऑटो-अपग्रेड्स फाइलमध्ये याद्या ताज्या करायची ओळ १ ठेवून आपोआप टाकायची दुसरी ० करा. दोन, काही अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतात, त्यामुळे यादीत दिसलेलं पॅकेज अपग्रेडच्या वेळी लांबणीवर पडतं आणि दोन जुळ्या मशीनांची उत्तरं वेगळी येतात. बिघाड नाही तो.

थांबून टाकायच्या बाजूने लोक एक्सझेड ह्या कॉम्प्रेशनच्या साधनाचं उदाहरण देतात, मार्च २०२४ चं, ५.६.० आणि ५.६.१ मधला बॅकडोअर (लपवलेला चोरदरवाजा). मला ते पटत नाही, डेबियन स्टेबलमध्ये त्या आवृत्त्या पोचल्याच नव्हत्या, तिथे आपोआप टाकणाराही वाचलाच असता. माझं कारण साधं आहे, डेटाबेस दुपारी मध्येच रिस्टार्ट झालेला मला नकोय. पण मेल रोज वाचणारं कोणी नसेल तर ह्या वाटेला जाऊ नका, ऑटोमॅटिकच चालू ठेवा.

कंटेनर, म्हणजे स्वतःची पॅकेजं इमेजमध्ये सोबत घेऊन चालणारं अ‍ॅप, हा मात्र ह्या सेटअपचा आंधळा कोपरा आहे. होस्टवर सगळं ताजं, मेल शून्य, आणि आतल्या इमेजमध्ये वर्षापूर्वीचं ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) आरामात बसलेलं. पायथनच्या पिप, जावास्क्रिप्टच्या एनपीएमने टाकलेल्या गोष्टींचं पण तेच, पॅकेज मॅनेजरला त्यांचा पत्ताच नसतो. त्यासाठी इमेज स्कॅनर वेगळा लावलाय आणि त्याचा मेल मुद्दाम ह्या मेलमध्ये मिसळला नाही, कारण तो लांबलचक असतो आणि त्याच्यासोबत हा पण न वाचता डिलीट झाला असता.