जिवंत की गोठवलेले, छोटा उंदीर की मोठा : नागपुरात साप पाळणाऱ्यांसाठी भक्ष्याची तुलना

बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक यांसारखा परदेशी साप घरी असलेल्या माणसाला पहिल्या महिन्यातच दोन निर्णय घ्यावे लागतात. भक्ष्य जिवंत द्यायचे की गोठवलेले वितळवून द्यायचे, हा पहिला. आणि ते भक्ष्य नेमके कोणते, हा दुसरा. हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण नागपूरच्या हवेत आणि नागपूरच्या घरात ते एकमेकांत गुंतलेले आहेत. तुलनेपूर्वी कायद्याचे सांगून टाकतो. नाग, धामण, अजगर हे आपले साप वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार घरात ठेवता येत नाहीत, तेव्हा अंगणात सापडलेल्या सापाला काय खाऊ घालावे हा प्रश्नच उद्भवत नाही. बॉल पायथन हा वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने त्याची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

जिवंत भक्ष्याच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही, असे नाही. पांढरे उंदीर पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळू शकतात, फ्रीजरची गरज पडत नाही आणि गोठवलेल्या भक्ष्याकडे ढुंकूनही न पाहणारा साप हलत्या उंदरावर लगेच झेपावतो. मात्र भूक नसलेल्या सापासोबत पेटीत कोंडलेला उंदीर स्वतःच हल्लेखोर होतो. बॉल पायथन घाबरला की अंगाचे वेटोळे करून डोके आत लपवतो आणि उंदीर त्याची पाठ कुरतडू लागतो. डोळ्यांना, तोंडाला आणि पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचणाऱ्या अशा जखमांत पुढे जंतुसंसर्ग होतो. म्हणून जिवंत भक्ष्य द्यायचेच असेल तर समोर बसून राहावे आणि पंधरा-वीस मिनिटांत सापाने ते घेतले नाही तर उंदीर बाहेर काढावा. रात्रभर उंदीर पेटीत सोडून झोपी जाणे ही या छंदातली सर्वांत महाग चूक आहे. शिवाय उंदीर घरी ठेवले तर त्यांचे खाणे, सफाई आणि वास हेही आपल्याच पदरी येते. पाहुण्यांना दाखवण्यासाठी किंवा व्हिडिओसाठी, म्हणजे निव्वळ करमणूक म्हणून, एका प्राण्याला कोंडून दुसऱ्याचे भक्ष्य करणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे, हेही ध्यानात असावे.

गोठवलेल्या भक्ष्यात हा चाव्याचा धोका राहत नाही आणि मला हाच मार्ग योग्य वाटतो. गोठवल्याने काही परजीवी मरतात. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू मात्र मरतोच असे नाही, त्यामुळे चिमटा, भांडे आणि ओटा यांची सफाई टळत नाही. आदल्या रात्री उंदीर बंद पिशवीत फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा, दुसऱ्या दिवशी पिशवीसकट कोमट पाण्यात बुडवून सुमारे ३८ अंशांपर्यंत गरम करावा, पोट दाबून आत गोठलेला गोळा उरलेला नाही याची खात्री करावी आणि लांब चिमट्याने द्यावा. मायक्रोवेव्ह कधीही वापरू नये. त्यात उंदीर एका बाजूने शिजतो, दुसऱ्या बाजूने बर्फच राहतो आणि कधी फुटतोही. एकदा वितळलेला उंदीर पुन्हा गोठवू नये.

नागपुरात या मार्गाची परीक्षा मे महिन्यात होते. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दुपारी वीज गेली आणि लवकर आली नाही तर फ्रीजरमधला साठा मऊ पडतो, आणि मऊ पडलेला साठा फेकून द्यावा लागतो. बाहेरगावाहून कुरिअरने मागवलेले पार्सल तर या दिवसांत पोहोचेपर्यंतच खराब होऊ शकते. त्यामुळे उन्हाळ्याचा साठा फेब्रुवारीतच भरावा, तो उणे १८ अंशांवर ठेवावा आणि सहा महिन्यांत संपवावा. घरच्या फ्रीजरविषयी मी आग्रहाने सांगेन की तो वेगळाच असावा. ज्या घरात मांस शिजत नाही तिथे पिंकीची, म्हणजे केस न आलेल्या उंदराच्या पिल्लांची, पिशवी आईसक्रीमशेजारी सापडल्यावर काय होईल हे निराळे सांगायला नको. पण ज्या घरात शिजते तिथेही जंतूंचा विचार करता हाच नियम आहे.

एक तिसरा, फुकटचा मार्ग काही जण सुचवतात : धान्याच्या गोदामात किंवा घराच्या पोटमाळ्यावर पकडलेला उंदीर. हा तुलनेत घेण्याजोगाही नाही. कळमना किंवा इतवारीसारख्या धान्याच्या भागात उंदीर मारण्याचे विष ठेवलेले असणे अगदी शक्य आहे. रक्त गोठू न देणारे विष खाल्लेला उंदीर त्यानंतर काही दिवस धडधाकट दिसतो आणि ते विष त्याला गिळणाऱ्या सापाच्या पोटात जाते. भिंतीवरची पाल खाऊ घातली तर तिच्यातून परजीवी येतात. बाजारातून आणलेल्या चिकनच्या तुकड्यांत अख्ख्या प्राण्याची हाडे आणि अंतर्गत अवयव नसल्याने सापाला कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे पुरेशी मिळत नाहीत. त्याला अख्खे भक्ष्यच लागते. आणि दुधाविषयी : नागपंचमीला काहीही म्हणोत, साप दूध पीत नाही.

आता दुसरा निर्णय. मराठीत माऊस आणि रॅट या दोघांनाही उंदीर म्हणत असल्याने मागणी नोंदवताना घोटाळा होतो. दुकानदार ज्याला माऊस म्हणतात तो छोटा उंदीर पूर्ण वाढीनंतर २० ते ३० ग्रॅमचा असतो. रॅट म्हणजे मोठा उंदीर कित्येक पटींनी जड, पूर्ण वाढीला २५० ग्रॅमच्याही पुढे जातो. कॉर्न स्नेकला पिंकीपासून सुरुवात करून पुढे आयुष्यभर छोटे उंदीर पुरतात. बॉल पायथनचे तसे नाही. दीड किलोच्या मादीला छोट्या उंदरांवर ठेवायचे तर एका वेळी अनेक लागतील, आणि हा साप एका वासाला चिकटला की दुसरे भक्ष्य नाकारण्यात मुरलेला असतो. म्हणून त्याला लहान वयातच रॅटच्या पिल्लांची सवय लावावी. इथेच दोन्ही निर्णय जोडले जातात. रॅटचे दात आणि ताकद मोठी असल्याने बॉल पायथनवाल्याने जिवंत भक्ष्य देणे हे कॉर्न स्नेकवाल्याने देण्यापेक्षा कितीतरी धोक्याचे आहे. हॅचरीतले एका दिवसाचे कोंबडीचे पिल्लू साधारण ४० ग्रॅमचे असते. ते अधूनमधून बदल म्हणून चालते, पण नेहमीचा आहार केला तर विष्ठा पातळ होते.

आकाराचा हिशोब सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागावरून करावा. भक्ष्य तेवढ्याच जाडीचे, फार तर किंचित जास्त असावे. पिल्लांना पाच ते सात दिवसांनी, मोठ्यांना दहा ते चौदा दिवसांनी किंवा त्याहूनही उशिरा द्यावे. लठ्ठ साप गोंडस दिसतो, पण तो आजारी असतो.

पचन उष्णतेवर चालते आणि नागपूर दोन्ही टोकांना जाते. डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा थर्मोस्टॅट लावलेल्या हीट मॅटशिवाय खाल्लेला उंदीर पोटातच सडतो आणि साप तो ओकतो; ओकल्यावर किमान दहा दिवस काहीही देऊ नये. नवतप्यात उलट घडते. पेटी कूलरच्या झोताखाली ठेवली की ती थंड आणि दमट होते, आणि कूलर नसलेल्या खोलीत ती ३५ अंशांच्या वर जाते. उबदार कोपरा ३१-३२ अंशांवर राहील अशी जागा आधी शोधावी आणि भक्ष्य मग द्यावे. खाल्ल्यानंतर ४८ तास सापाला हात लावू नये.

जिवंतची सवय असलेल्या सापाला गोठवलेल्यावर आणायला महिना-दोन महिने लागू शकतात. संध्याकाळी अंधारात, नीट गरम केलेला उंदीर चिमट्याने हळू हलवत पुढे करावा; नकार मिळाला तर आठवडाभर थांबावे, रोज प्रयत्न करू नये. कात टाकण्यापूर्वी डोळे निळसर झाले असतील तर त्या काळात विचारूच नये. प्रौढ बॉल पायथन हिवाळ्यात कित्येक आठवडे उपाशी राहतो आणि तरी ठीक असतो, त्यामुळे घाबरून पुन्हा जिवंत उंदीर आणण्याआधी दर आठवड्याला वजन करावे. वजन दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्यक गाठावा. सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशीला सुरुवात करता येईल; जाताना वजनांची वही आणि शेवटची विष्ठा डबीत घालून न्यावी.