चलवाली पद्धत की मूलकवाली? कॅल्शियमची समीकरणं बॅलन्स करताना

कॅल्शियम कार्बोनेट आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडला कुठलीच पद्धत लागत नाही, ॲसिडच्या आधी २ लावला की झालं. खरी अडचण येते फॉस्फेट आलं की, कारण ऑक्सिजन सगळीकडे असतो, एका बाजूला जमवला की दुसरीकडे हायड्रोजन बिघडतो.

चलवाल्या पद्धतीत प्रत्येक पदार्थापुढे अ, ब, क, ड अशी चलं लावून एकेका मूलद्रव्याचं समीकरण सोडवायचं. मूलकवाल्यात फॉस्फेट, सल्फेट यांसारखं मूलक, म्हणजे एकत्र राहणारा अणूंचा गट, फोडायचंच नाही, अख्खं एक नग म्हणून मोजायचं.

मी बरेच दिवस चलंच वापरत होतो, अंदाज लावावा लागत नाही म्हणून. पण एकदा कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि फॉस्फोरिक ॲसिडचं करताना घाईत कॅल्शियम फॉस्फेटचं सूत्र एकास एक लिहिलं, आणि चार समीकरणं मांडून सोडवत गेलो तर (क कॅल्शियम फॉस्फेटचा, ड पाण्याचा) हायड्रोजनवरून ड येतो अडीच क आणि ऑक्सिजनवरून दोन क, म्हणजे उत्तर एकच, सगळं शून्य. मी तीनदा आकडेमोड तपासली, चूक सूत्रात असेल हे डोक्यातच आलं नाही. चल पद्धत कुठेतरी चुकलंय एवढंच सांगते, कुठे ते नाही, आणि तेही पानभर लिहून झाल्यावर. मला हेच फार खटकलं.

तेच मूलकांनी बघा. कॅल्शियमची संयुजा (जोडणी करायची क्षमता) २, फॉस्फेटची ३, म्हणजे ३ कॅल्शियमला २ फॉस्फेट, सूत्र तिथेच सुधारतं. मग ३ हायड्रॉक्साइडचे ६ ओएच, २ ॲसिडचे ६ हायड्रोजन, पाणी ६. ऑक्सिजन शेवटी फक्त ताळ्याला, दोन्हीकडे १४.

कार्बोनेटमध्ये मूलक फुटतं, हे खरं. पण एक कार्बोनेट दोन हायड्रोजन घेऊन एक कार्बन डायऑक्साइड आणि एक पाणी देतं, एवढं लक्षात ठेवलं की मला तरी अडचण आली नाही.

कॅल्शियम धातू आणि खूप विरल नायट्रिक ॲसिडचं नायट्रस ऑक्साइडवालं समीकरण असेल (४ कॅल्शियम आणि १० ॲसिड, पलीकडे ४ कॅल्शियम नायट्रेट, १ नायट्रस ऑक्साइड, ५ पाणी) तर मात्र काही नायट्रेट फुटतात, काही तशीच राहतात, तिथे चलंच बरी वाटतात. ऑक्साइड, हायड्रॉक्साइड, कार्बोनेट, फॉस्फेट एवढंच करायचं असेल तर अशी वेळ सहसा येत नाही, मी तरी आधी संयुजाच लिहितो.